बर्फावर जाताना : बिब की पँट?

मैत्रिणींनो, काय नेसावं हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. लग्नाला कोणती साडी, हळदीकुंकवाला कोणती, शाळेच्या गॅदरिंगला कोणती, यात आपला निम्मा जन्म जातो. पण वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘विजार कोणती घालावी’ या प्रश्नावर मला अख्खी संध्याकाळ घालवावी लागेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. आणि त्या निवडीत चूक झाली तर माणूस आजारी पडतं, हे तर स्वप्नातही आलं नसतं.

झालं असं. माझे धाकटे दीर आणि जाऊबाई अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डुलुथ नावाच्या गावी राहतात. लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या काठावरचं हे गाव. आमच्या सासूबाई तिकडे पाच महिने राहिल्या होत्या. त्यांना एकट्यानं विमानात बसवायला नको, म्हणून २०२३ च्या जानेवारीत आमचे ‘हे’ आणि मी त्यांना आणायला गेलो. मी तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे रजेचा पगार नाही, पण रजा तरी मिळाली.

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, “वहिनी, रविवारी स्नोमोबाइलवर जायचं बरं का!”

ही गाडी म्हणजे बर्फावरची स्कूटर म्हणा ना. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा फिरता पट्टा, आणि वर बसायला लांबट सीट. आपल्याकडे गुलमर्गला आणि मनालीजवळच्या सोलंगला पर्यटकांना तिच्यावरून फिरवतात, तुमच्यापैकी काहीजणी बसल्याही असतील. तिकडे मात्र ती घरोघरी असते. नुसत्या मिनेसोटात तिच्यासाठी राखलेल्या वाटा वीस हजार मैलांहून जास्त आहेत! डुलुथहून निघून सरोवराला धरून ग्रँड मराईस गावापर्यंत जाणारी एकच वाट सुमारे १४६ मैलांची.

या गाडीमागची एक गोष्ट भाऊजींनी सांगितली, ती आईच्या काळजाला लागणारी आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट गावी जोसेफ आर्मां बोंबार्डिए नावाचे एक यंत्रकुशल गृहस्थ होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचं दोन वर्षांचं मूल पोटाच्या दुखण्यानं गेलं. रस्ते बर्फानं बंद, दवाखान्यात नेणार कसं? बर्फावर चालणाऱ्या गाडीची त्यांची खटपट आधीपासून सुरू होती, ती त्यांनी मग जिद्दीनं पुरी केली. १९३७ मध्ये सात माणसं नेणारी गाडी झाली आणि १९५९ मध्ये एकदोन माणसांची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली. आज जी गाडी मजेसाठी पळवतात, तिच्या मुळाशी एका बापाचं दुःख आहे.

लाळेरं आणि डंगरी

तर शनिवारी संध्याकाळी जाऊबाईंनी पलंगावर दोन कपडे मांडले. एक होती जाडजूड पँट, कमरेला बटण आणि पट्टा. दुसरी होती बिब. आपण लहान मुलांना डंगरी घालतो ना, तशीच. पुढून छातीपर्यंत, मागून पाठीवर अर्ध्यापर्यंत आणि खांद्यांवरून दोन पट्टे.

“बिब म्हणजे बाळाचं लाळेरं ना गं? ते हे घालायचं?” सासूबाईंनी विचारलं आणि आम्ही तिघी पोट धरधरून हसलो.

जाऊबाई म्हणाल्या, “ताई, तुम्हाला थंडीची सवय नाही. तुम्ही बिब घाला, मी पँट घालते.” बिब त्यांची जुनी होती. मला फार बरं वाटलं. अंगभर कपडा, कंबर उघडी पडण्याची भीती नाही. सुती सलवार आत, वरून बिब, वर जाकीट. आरशात पाहिलं तर मी चंद्रावर निघालेली बाई दिसत होते!

इथे मी दोन चुका करून ठेवल्या होत्या. पण त्या कळायला रविवार उजाडावा लागला.

एका दिवसात दोन धडे

सकाळी तापमान होतं शून्याखाली १८ अंश. त्यात गाडी ताशी ३० मैलांनी धावली की अंगाला लागणारा गारठा शून्याखाली ३२ अंशांइतका होतो. अशा हवेत उघडी कातडी अर्ध्या तासात हिमदंशानं बधिर होऊ शकते. दोन गाड्या होत्या. एकीवर भाऊजी आणि हे, दुसरीवर जाऊबाई चालवायला आणि मी मागे. (तिथे १९७६ नंतर जन्मलेल्यांना गाडी चालवायला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, म्हणून आम्ही पाहुणे मागेच!)

पहिले दोन तास काय वर्णावे! बर्फानं वाकलेले सूचिपर्णी वृक्ष आणि मधून पांढरी शुभ्र वाट. पण घरून निघताना घेतलेला मोठा कप चहा हळूहळू आपली आठवण करून देऊ लागला. वाटेत एक लाकडी आडोसा होता, शेजारी संडासाची खोली. मी आत गेले आणि मग लक्षात आलं की बिब उतरवायची तर आधी हेल्मेट, मग हातमोजे, मग जाकीट, मग खांद्याचे पट्टे, असं सगळं काढायला हवं. त्या गारठ्यात, त्या अरुंद खोलीत, पट्टे खाली घाणीत पडू नयेत म्हणून दातांत धरून! बोटं अशी बधिर झाली की पुन्हा बकलं लावताना डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आले आणि मनाशी ठरवलं, आता संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

ओळखीचं वाटतं ना, मैत्रिणींनो? एस.टी.चा लांबचा प्रवास असो, लग्नाचं कार्यालय असो, आपण हेच करतो. तेवढ्यासाठी कशाला कोणाला थांबवायचं!

दुपारी जाऊबाईंनी पुढच्यापुढे दोनदा थर्मास केला, मी दोनदा “नको” म्हटलं. तीनच्या सुमाराला डोकं ठणकू लागलं. मग चक्कर, मग हुडहुडी. मी मागे मुकाट बसून होते. तेवढ्यात वळणावर आमची गाडी वाटेवरून घसरून भुसभुशीत बर्फात रुतली. जाऊबाई उतरल्या तशा कमरेइतक्या आत गेल्या. गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ उकरायला लागल्या. वाकल्या की जाकीट वर जाई, पँट खाली सरके आणि मधल्या चार बोटांच्या फटीतून बर्फ आत. अंगाच्या उबेनं तो वितळला आणि पाठ, कंबर चिंब.

गाडी निघाली, पण परतीच्या तासाभरात एक ओल्या कपड्यांनी काकडत होती आणि दुसरी तहानेनं गळून गेली होती. दोघींपैकी एकीनंही तोंडातून अक्षर काढलं नाही. पुढे चाललेल्या दोघा भावांना काही पत्ताच नाही!

घरी आल्यावर माझे ओठ निळसर दिसत होते म्हणे. सासूबाईंनी आम्हा दोघींचे ओले कपडे काढून घेतले, रजईत गुंडाळलं आणि घोट घोट कोमट पाणी, मग आल्याचा चहा दिला. दोन दिवसांनी मला लघवीला जळजळ आणि ताप आला. डॉक्टरांनी जंतुसंसर्गाचं निदान केलं. प्रवासाचा विमा काढला होता म्हणून बरं, तरी सुरुवातीचे काही डॉलर आमच्याच खिशातून गेले.

सासूबाई तेव्हा जे बोलल्या ते मी विसरणार नाही. “अगं, चूक त्या लाळेऱ्याची नाही नि पँटीचीही नाही. तुम्हा दोघींना ‘जरा थांबा’ म्हणायला जीभ नव्हती का?”

मग घ्यावं काय?

बरी झाल्यावर मी आणि जाऊबाई दुकानात गेलो. कारण त्यांना नवा कपडा घ्यायचा होताच आणि मला, शिक्षिका पडले ना, गोष्ट मुळापासून समजून घ्यायची खोड. तुमची लेक, भाची, नणंद थंड देशात असेल, किंवा उद्या तुम्हीच जाल, म्हणून हे सविस्तर सांगते.

*बिबचे गुण :* कमरेशी फट राहत नाही, त्यामुळे पडलात, वाकलात, बसलात तरी बर्फ आत शिरत नाही. छातीपोटावर एक जादा थर मिळतो. भार खांद्यांवर असतो. कमरेला नाडीसारखा काच बसत नाही, म्हणून तासन् तास बसायला सुखाची. छातीवरच्या खिशात फोन अंगाच्या उबेत राहतो, नाहीतर थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते.

*बिबचे दोष :* जड आणि महाग. घरात वा हॉटेलात शिरल्यावर उकडतं. आणि साधी बिब असेल तर संडासाला जाणं म्हणजे दिव्य!

*पँटचे गुण :* घालायला काढायला सोपी, हलकी, बहुधा स्वस्त. अंगणातला बर्फ काढायला, मुलांना घसरगुंडीवर न्यायलाही चालते.

*पँटचे दोष :* कमरेची फट. बसल्यावर मागून खाली येते. घट्ट बांधावी तर पोटावर दाबते.

यावरून सरळ हिशेब मांडता येतो. राखलेल्या सपाट वाटेवर तास दोन तास जायचं असेल, मध्ये गरम जागा असेल, तर पँट पुरते. दिवसभर जायचं, खोल भुसभुशीत बर्फ, पडण्या-रुतण्याची शक्यता असेल तर बिबच हवी.

आणि ज्या गोष्टीसाठी मी आजारी पडले तिचंही उत्तर आहे! बायकांसाठी खास शिवलेल्या बिबला मागच्या बाजूनं चेन असते. ती उघडली की मागचा भाग तेवढा खाली येतो, पट्टे खांद्यावर आणि जाकीट अंगावर तसंच राहतं. मी दुकानात ते पाहिलं आणि तिथल्या बाकावर मटकन बसले. म्हणजे कोणा शहाण्या माणसानं ही अडचण ओळखली होती, आपणच विचारलं नव्हतं!

विकत घेण्यापूर्वी

बिबच्या किमती दीडशे डॉलरपासून पाचशेच्याही वर जातात. एवढे पैसे टाकायचे तर पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

१. आत उबेचा भराव असलेली आणि नुसती बाहेरच्या कापडाची, असे दोन प्रकार दोन्हींत मिळतात. गाडीवर मागे नुसतं बसायचं असेल, तर भरावाचा कपडा घ्या. चालवणाऱ्याचं अंग हलतं, त्याला ऊब येते. मागे बसलेली बाई आणि मूल सर्वांत आधी गारठतात. डोंगरात उभ्यानं, अंग झोकून गाडी चालवणाऱ्यांना घाम येतो, त्यांना बिनभरावाचा चालतो.

२. कापड पाणी अडवणारं, पण घामाची वाफ बाहेर सोडणारं हवं. लेबलवर १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर असा आकडा असतो, जितका मोठा तितकं पाणी जास्त अडतं. बसण्याच्या जागी आणि गुडघ्यांवर दुहेरी कापड आहे ना, ते बघा. सगळ्यात आधी तिथेच ओल लागते.

३. दुकानात नुसतं आरशापुढे उभं राहू नका. आतले गरम कपडे घालून गेलात तर उत्तम. खुर्चीत बसा, गुडघा पोटाकडे उचला आणि सरळ उकिडव्या बसा. बिबचे पट्टे खांद्याला ओढत असतील किंवा मध्ये काचत असेल तर एक माप मोठं घ्या.

४. मागची चेन हातमोजे घालून स्वतःच्या हातानं उघडता येते का, ते करून पाहा. हसू येईल, येऊ द्या! आणि घरी एकदा तालीम कराच.

५. आपली उंची बेताची. पाय लांब झाले तर शिलाई मशीनवर दुमडू नका. सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. आखूड पायांचं माप वेगळं मिळतं, तेच मागा. पायाशी आतून लवचिक पट्टी असते, ती बुटावर चढवली की बर्फ बुटात जात नाही.

६. बंद होणारा एक खिसा मोठा हवा. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात ठेवता येतात. दिवस गेलेले असतील तर मात्र या गाडीवर बसण्याचा विचारच नको, धक्के फार बसतात.

घरात पँट असेलच तर ती टाकून देऊ नका. तिला खांद्याचे पट्टे लावून घ्या आणि वर लांब जाकीट घाला. काही जाकिटांना आतून कमरेशी एक लवचिक झालर असते, तिची बटणं लावली की पुष्कळ बर्फ अडतो.

गोधडीचं शास्त्र

माझी दुसरी चूक, सुती सलवार. सूत घाम आणि पाणी धरून ठेवतं, आणि ओलं सूत अंगाची ऊब शोषून घेतं. आपली गोधडी ऊब देते ती थरांमधल्या हवेमुळे. गोधडी ओली झाली की संपलं! म्हणून अंगालगत मऊ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा तंग कपडा, त्यावर फ्लीससारखा फुगीर थर, आणि वर बिब किंवा पँट. ओढणी, लांब मफलर बिलकूल नको. गाडीच्या फिरत्या भागात अडकला तर जिवाशी गाठ. गळ्याला बंद पट्टी घाला.

धुण्याचंही ऐका. असे कपडे चेन लावून, उलटे करून, सौम्य साबणानं धुवावेत. कपडे मऊ करणारं औषध घालू नये, त्यानं पाणी अडवण्याचा गुण कमी होतो. शेगडीजवळ वाळत घालू नये. बाकी लेबलवर लिहिलं असेल ते प्रमाण.

आणि गुलमर्ग-सोलंगला जाणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही काही विकत घेऊ नका. तिथे बर्फाचे कपडे आणि गमबूट भाड्यानं मिळतात. फक्त हात आत घालून अस्तर कोरडं आहे ना ते पाहा, चेन दोनदा लावून-काढून बघा, आणि आत स्वतःचे लोकरी कपडे व जाड मोजे घाला. अख्खा सूट मिळाला तर बिबइतकीच अडचण होते, तेव्हा तो चढवण्याआधीच जाऊन या.

पाणी प्या, आणि थांबा म्हणा

थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातच असतं. शिवाय गारठ्यात लघवी जास्त होते. म्हणून कोमट पाणी घोट घोट पीत राहायलाच हवं. पाणी तोडलं की थकवा येतो, डोकं चालेनासं होतं, आणि लघवी तुंबवून ठेवली की मागे दुखणी लागतात.

परत आल्यावर मी वर्गात एक साधा प्रश्न विचारला, “सकाळपासून पाणी कोण कोण प्यायलं?” मुलांचे हात भराभर वर गेले. मुलींचे मोजके. एक मुलगी मधल्या सुट्टीत हळूच म्हणाली, “बाई, घरी जाईपर्यंत पीतच नाही.” कारण विचारायची गरज नव्हती. तिला बर्फ माहीत नाही, बिब माहीत नाही, पण त्या लाकडी खोलीतून बाहेर येताना मी जे ठरवलं होतं, तेच ती रोज ठरवते. मी आता माझ्या तासाला मध्येच पाणी प्यायला आणि जाऊन यायला सांगते. आणि संडासाच्या कडीसाठी व पाण्यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागले आहे. कडी लागली, पाण्याचं चाललंय.

जाऊबाईंनी शेवटी बिब घेतली, मागच्या चेनची. आम्ही निघण्यापूर्वीच्या रविवारी पुन्हा एकदा गेलो. मी त्यांची पँट घातली, पट्टे लावून. निघाल्यावर तासाभरानं मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. त्यांनी गाडी थांबवली. पुढच्या गाडीवरचे दोघे भाऊ वळून काळजीनं विचारायला लागले, “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं, “आम्हाला जायचंय. तुम्ही थांबा जरा.”

ते थांबले. एवढंच तर हवं होतं! तेव्हा कपडा कोणताही निवडा, मैत्रिणींनो, पण तो अंगावर असताना ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे.